पाट घेऊन विमानात

मुलांनो, गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर पाच खुर्च्यांचे फोटो पाठवले. सगळ्या लहान मुलांच्या, मोटारीत बसवायच्या. दिवाळीला ती लेकाला घेऊन विमानाने इकडे येणार आहे, आणि यांतली कुठली खुर्ची मोटारीतही चालेल आणि विमानातही, हे तिला ठरवायचं आहे. खाली एकच ओळ होती : "आजी, माझ्या जागी तू असतीस तर कुठली घेतली असतीस?"

उत्तर आधी देते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. ज्या खुर्चीवर विमानात चालते असं स्पष्ट छापलेलं आहे आणि जिचा पट्टा तुझ्या लेकाला उघडता येत नाही, ती घे. रंग तुझा तू बघ.

आता राहिलेल्यांसाठी. हा प्रश्न मी एकदा सोडवलेला आहे, एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांत, लोणावळ्यात बसून. अशी खुर्ची विकणारं दुकान तेव्हा लोणावळ्यात नव्हतंच, पुण्यातही मला सापडलं नाही. ज्या मुलासाठी मी ती शोधत होते ते तुमचे बाबा. ते आता विमानात बसले की पट्टा लावून मुकाट्याने पेपर उघडतात, त्यामुळे ही हकिगत तुम्हाला त्यांच्याकडून कळण्याची शक्यता नाही. आणि ती ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

तुमचे आजोबा तेव्हा इंजिनियरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. मी तुमच्या बाबांना घेऊन लोणावळ्याला सासू-सासऱ्यांकडे राहत होते. सासरे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर स्टेशनजवळ छोटंसं घर बांधून राहिले होते. मी त्यांना मामंजी म्हणत असे. आजोबांनी तिकडे एक जुनी मोटार घेतली, आमची तिकिटं काढली आणि कळवलं की विमानतळापासून घर बरंच लांब आहे, पोराला मोटारीत मोकळं सोडणं धोक्याचं. तेव्हा त्याला बसवायला काहीतरी घेऊन ये. विमानातही तेच वापरता येईल. मुलाला दोन वर्षं पुरी झालेली असल्यामुळे विमानात त्याला स्वतंत्र जागा मिळणार होती, पण तिथला पट्टा त्याच्याभोवती दोनदा फिरला असता.

विमानातली खुर्ची रुंद किती, हे मी विचारलं. उत्तर आलं : माझ्या रुमालापेक्षा किंचित जास्त. जाताना त्यांनी जेवणासाठी मांडीवर रुमाल पसरला होता, त्यावरून. हे गृहस्थ इंजिनियर होते. मी कपाटातून त्यांचा मागे राहिलेला एक रुमाल काढला, इस्त्री केला आणि तेच माप धरलं. धुऊन धुऊन तो थोडा आटला होता, त्यामुळे चूक झाली तरी आमच्या बाजूची झाली असती.

तुमचे बाबा त्या वयात चालत नसत, पळत असत. एकदा मी त्यांना घेऊन कामशेतला तांदूळ आणायला गेले. पैसे द्यायला पिशवी उघडली तेवढ्यात मूल नाहीसं झालं. सगळा बाजार पालथा घातला. शेवटी ते समोरच्याच दुकानात पोत्यांच्या थप्पीवर सापडलं, कच्चा तांदूळ खात. दुकानदार शांतपणे म्हणाला, "वैनी, ह्ये तुमचं व्हय? मी म्हनलं कुनाचं तरी असंल, म्हून तोललं न्हाई."

ही गोष्ट मी घरी सांगितली नसती, पण आमच्याआधी ती घरी पोचली होती. सासूबाईंनी त्या दिवशी तो विषय काढला नाही. तिकिटं आल्यावर काढला.

"पोर इथं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू जा. घर लाव, बस्तान बसव. त्याचं शिक्षण संपलं की दोघं मिळून न्यायला या."

"शिक्षण संपायला दोन वर्षं आहेत, आई."

"मग? मी काही दोन वर्षांत मरत नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मूल रात्री त्यांच्याच कुशीत झोपायचं, आंघोळ त्यांच्याच हातची लागायची. आणि परक्या देशातल्या विमानतळावर ते पळालं असतं तर तिथल्या दुकानदारांना मावळी बोलता आलं नसतं. पण दोन वर्षं मुलाला सोडून राहायचं, ही कल्पना माझ्या डोक्यात शिरतच नव्हती. मी मामंजींकडे पाहिलं. मामंजी कुणाचीही बाजू घेत नसत. हिरवा बावटा हलवण्याआधी ते मागे-पुढे दोन्हीकडे बघत, घरातसुद्धा.

"लोणावळा ते पुणे," ते म्हणाले. "सूनबाई, तू त्याला जे काही बसायला आणशील त्यात बसवायचं. गाडी सुटल्यापासून पुण्याला थांबेपर्यंत तो त्यातून उठला नाही, तर तुझ्याबरोबर जाईल. उठला तर इथं राहील. मी इंग्लंडलाही तसंच कळवतो."

सासूबाई हसल्या. तो लोणावळ्यापासून पुढच्याच मळवली स्टेशनापर्यंतदेखील बसला नसता, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि कुठलंही काम पद्धतशीर केलं की होतं, अशी माझी समजूत होती. पहिली खुर्ची शेजारच्या बंगल्यातून आली. तिथल्या बाई मुंबईच्या. त्यांच्या नातवासाठी कुणीतरी परदेशातून आणलेली मोटारीची खुर्ची त्यांच्या माळ्यावर होती. लोखंडी नळ्या, मध्ये कॅनव्हास, मोटारीच्या पाठीवर अडकवायला दोन आकडे, आणि मुलाचं मन रमावं म्हणून समोर खोटं स्टिअरिंग. बाईंनी ती आपल्या मोटारीत अडकवून दाखवली. "आमचा नातू ह्यात बसून अख्खा घाट उतरला होता," त्या म्हणाल्या.

तुमचे बाबा ऐटीत बसले. आम्ही बाजारापर्यंत गेलो आणि परत आलो. दार उघडलं तेव्हा ते पट्ट्याखालून सरकून बाहेर आले, हातात स्टिअरिंग होतं.

"त्याने ते काढलं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आमच्या नातवाला ते निघतं हे कळलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा नातवाबद्दलचा आदर त्या दिवशी थोडा कमी झाला असावा.

दुसरी खुर्ची मी बाजारात टोपल्या विकायला बसणाऱ्या बुरूड मावशींकडून करवून घेतली. बांबू हलका, वजनाचा प्रश्न नाही, असा माझा विचार. मावशींनी मन लावून ऐकलं.

"पोर आत बसवायचं व्हय? मंग पाय भायेर काडाया भोकं ठिवते."

"ठेवा. विमानात न्यायचंय."

"इमानात?" मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तितं उडून जायाचं म्हून झाकन बी करू का?"

खुर्ची सुबक झाली होती. तुमच्या बाबांना आम्ही आत बसवलं, भोकांतून पाय बाहेर काढले. ते उठून उभे राहिले, पाय जमिनीला टेकले, आणि खुर्ची कमरेला घेऊन ते अंगणातून रस्त्यावर गेले. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "अगं बघ," त्या म्हणाल्या, "डालग्यासकट कोंबडं चाललं." पुढे ती खुर्ची त्यांनी कांदे ठेवायला घेतली आणि तिची फार तारीफ केली.

राहिले मिस्त्री. हे आमच्या बाजारातले मुसलमान सुतार, पाट आणि चौरंग करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी कागदावर आकृती काढून नेली : बसायला फळी, उंच पाठ, पाठीला दोन खाचा. त्या खाचांतून विमानाचा पट्टा ओवला की खुर्ची पक्की. मुलासाठी वेगळे पट्टे देहूरोडला जुन्या लष्करी सामानाच्या दुकानातून आणले होते, जाड, खाकी, पितळी बकलांचे. रुमालही बरोबर होता. मिस्त्रींनी रुमालाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

"वैनी, आकडं नगं," ते म्हणाले. "पोरगं बसल्यालं दावा. मी बसल्या मापानं करतो."

आता ते पोरगं बसलेलं दिवसातून फक्त एकदाच सापडायचं, जेवताना. आमच्याकडे सगळे स्वयंपाकघरात पाटांवर मांडी घालून जेवत. तुमचे बाबा सुरुवातीला भाताचे हात घेऊन घरभर पळत, तेव्हा सासूबाईंनी त्यांना एक नियम शिकवला होता : आजोबा, म्हणजे मामंजी, पानावरून उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. इतका कडक शिकवला, की पोराच्या मनात तो सूर्य उगवण्यासारखा पक्का बसला. एकदा पुण्याहून आलेले एक पाहुणे गाडी गाठायची म्हणून लवकर उठू लागले, तर याने त्यांचं धोतर धरलं. "बश," म्हणाला. "आजोबा जेवतात." पाहुणे बसले. गाडी चुकली.

तर मिस्त्री जेवणाच्या वेळी आले, दाराशी बसले, आणि जेवणाऱ्या मुलाचं माप डोळ्यांनी आणि मग दोरीने घेऊन गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खुर्ची आली तेव्हा वाटलं. फळी उत्तम, पाठ उत्तम, खाचा जिथल्या तिथे. पण पुढे पाय सोडायला जागा नव्हती. फळी रुंद, खोल आणि कड उचललेली.

"मिस्त्री, पाय कुठे ठेवायचे?"

"पाय?" मिस्त्रींना प्रश्नच कळेना. "पाय हितंच की. त्येच्या मांडीत."

त्यांनी मांडी घातलेल्या मुलाचं माप घेतलं होतं. घरात आम्ही चौघं तिथे हजर होतो, सगळे मांडी घालून, आणि विमानात कुणी असं बसत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जगातली ती एकमेव विमानाची खुर्ची असेल जी खरं म्हणजे पाठ लावलेला पाट होती.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तुमचे बाबा आले, त्यांनी त्या वस्तूकडे पाहिलं, वर चढले, मांडी घातली, आणि म्हणाले, "भात?"

मी त्यांना भात दिला. मामंजी समोर येऊन जेवायला बसले. बकल न लावताही मूल जागचं हललं नाही. (बकल त्याला पहिल्याच दिवशी उघडता आलं होतं, हेही सांगून टाकते.) मी मिस्त्रींची खुर्ची पसंत केली आणि प्रवासासाठी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि दहीभात करायला घेतला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या मलाच नाही, मामंजींनाही कोळून प्यायल्या होत्या. गाडीच्या दिवशी सकाळी त्यांनी पुरणपोळी केली. कुठलाच सण नव्हता. मामंजींना आग्रह करकरून वाढली, वर तुपाची धार, वर दूध. "खा हो, परीक्षा घ्यायला जायचंय," म्हणाल्या. मामंजी स्टेशनवर आले ते हळूहळू, एका हाताने पोट सांभाळत.

गाडीत गर्दी नव्हती. लाकडी बाकाच्या फटींतून खाकी पट्टे ओवून मी खुर्ची बसवली, खुर्चीत मूल बसवून उरलेल्या पट्ट्याचं बकल लावलं. मामंजी समोर, त्यांच्याशेजारी सासूबाई. गाडी सुटली तसं मी डबा उघडला आणि मामंजींपुढे केला.

"नको गं," ते म्हणाले. "पोट गच्च आहे."

सासूबाई खिडकीबाहेर डोंगर बघू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना त्या डोंगरांचं कौतुक वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझा चेहरा बघून मामंजींनी अर्धी पोळी घेतली. ती मळवलीपासून कामशेतपर्यंत पुरली. मग त्यांनी दोन घास दहीभात घेतला, तो वडगावला संपला. तुमचे बाबा त्यांच्या तोंडाकडे टक लावून होते. तळेगावला मामंजींनी हात पुसले. मुलाने मांडी सोडली आणि बकलाकडे हात नेला.

"झाली वाटतं जेवणं," सासूबाई म्हणाल्या. "ऊठ हो बाळा. ये आजीकडे."

परीक्षक तेच, त्यांना मी काय सांगणार? आणि घास घशाखाली जात नाही म्हणणाऱ्या माणसाला किती वाढणार? मूल एक पाय खाली सोडून मामंजींकडे बघत होतं. मामंजी सासूबाईंकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तळेगावला चढलेली एक म्हातारी बाई पलीकडे बसली होती, मांडीवर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन.

"मावशी," मामंजी तिला म्हणाले, "जरा मूठभर शेंगा द्या." आणि मग मुलाकडे वळून, अगदी गार्डाच्या आवाजात : "मी अजून जेवतोय."

मुलाने पाय वर घेतला आणि मांडी घातली.

शेंग हा काय पदार्थ आहे हे मला त्या दिवशी समजलं. मामंजी एक शेंग उचलत, उजेडात धरून बघत, बोटांनी फोडत, दाणे तळहातावर घेऊन चोळत, फुंकर मारत आणि मग एकच दाणा तोंडात टाकत. एका शेंगेत तळेगावहून घोरावाडी आली. दुसरीत घोरावाडी गेली.

म्हातारी हे सगळं बघत होती. "आवं आबा," तिने विचारलं, "नातवाला कशापायी बांदलंय? खोड्या करतो व्हय?"

"विमानात न्यायचंय त्याला."

"आन तुमी असं चिमनीवानी का खाताय? दात न्हाईत?"

"दात आहेत," मामंजी म्हणाले. "सून आहे."

सासूबाईंनी डोंगर सोडून दिले. देहूरोडला त्या म्हणाल्या, "पित्त होईल तुम्हाला." मामंजींनी शेंग फोडली. चिंचवडला म्हणाल्या, "परीक्षकानं असं करायचं असतं का?" मामंजी म्हणाले, "मी खातोय. त्याला कुठे काय सांगतोय?" खडकीला त्यांनी शेवटचा डाव टाकला. पाण्याचा तांब्या उघडला आणि मामंजींपुढे धरला. "पुणं आलं. हात धुवा आता."

हात धुणं म्हणजे जेवण संपणं. मुलाने मान वर केली. त्या मूठभर शेंगाही मामंजींच्या पोटाच्या मानाने पुरे झाल्या होत्या; त्यांचा चेहरा घामाने चमकत होता.

"हात कसे धुवू?" मामंजी म्हणाले. "अजून ताक यायचंय."

"गाडीत कुठलं आलंय ताक?"

"ते मला काय माहीत? ताकाशिवाय मी आजवर पानावरून उठलोय का, तूच सांग."

तो नियमही त्यांच्याच स्वयंपाकघरातला होता. "ताक," असं म्हणून तुमच्या बाबांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते ताकाची वाट बघत बसले. शिवाजीनगर गेलं, संगमाचा पूल गेला, पुणे स्टेशन आलं, गाडी थांबली. मामंजी उठले. मग तुमचे बाबा उठले.

मामंजी फलाटावरच्या बाकावर डोळे मिटून बसले, त्यांना दोन दिवस काही खाववलं नाही. सासूबाईंनी नातवाला कडेवर घेतलं. बराच वेळ त्या त्याच्या केसांतली शेंगांची टरफलं वेचत होत्या. मग मला म्हणाल्या, "आणि विमानात त्याच्यासमोर जेवणार कोण?"

"मी."

"तू भराभर जेवतेस. कॉलेजची सवय." मग म्हणाल्या, "खारका देते. एकेक खारीक पुष्कळ वेळ चघळता येते. आणि डिंकाचे लाडू, कडक वळीन."

तसं त्यांनी केलं. निघायच्या दिवशी माझ्या सामानात कपड्यांपेक्षा डबे जास्त होते. स्टेशनवर त्यांनी मुलाचा मुका घेतला आणि त्याला बजावलं, "आई जेवतेय तोवर उठायचं नाही हं." आवाज कोरडा होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या उभ्या होत्या असं मामंजींनी नंतर सांगितलं. मी मागे बघितलं नाही, मला बघवलं नसतं.

विमानातल्या मुलींनी पाटाकडे पाहून वैमानिकाला बोलावून आणलं. त्याने रुंदी बघितली, खाचांतून पट्टा ओवून ओढून बघितला आणि मान हलवून निघून गेला. आजच्या काळात तो पाट विमानाच्या शिडीलाही लागू दिला नसता, आणि ते योग्यच आहे. मी अरबस्तानावरून उडताना खारका खाल्ल्या, युरोपवरून उडताना लाडू खाल्ले. शेजारचा गोरा साहेब एकदा पाय मोकळे करायला उठू लागला, तर तुमच्या बाबांनी त्याच्या कोटाचं टोक धरून त्याला खाली बसवलं. मी त्याला इंग्रजीत कारण समजावून सांगितलं. तो पुन्हा उठला नाही. मात्र मी आणखी किती खाणार आहे, असं त्याने अधूनमधून विचारलं.

विमानतळावर तुमचे आजोबा मोटार घेऊन आले होते. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग पाटाकडे, मग माझ्याकडे. "तू जाडी झालीस," म्हणाले.

त्या खुर्चीची उंच पाठ इंग्लंडमध्येच निखळली. पट्टे उंदरांनी खाल्ले. बसायची फळी मी परत आणली. ती सागवानी आहे, कुठे चिरलेली नाही, आणि लोणावळ्याच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात आहे. सध्या तिच्यावर मिक्सर असतो.